डायलखालचा बाण

पारंपरिक धनुष्य कशाला म्हणायचं, या वादात मी बरीच वर्षं एका बाजूला पाय रोवून उभा होतो. बाजू सोपी होती. लाकूड, बांबू, शिंग, स्नायू, ताग आणि पिसं चालतील. याच्यापलीकडचं काही लागलं की ते धनुष्य माझ्या लेखी बाद. फायबरग्लासची पट्टी दिसली की बाद, दोरीत कृत्रिम धागा असला की बाद. शाळेतल्या पोरांच्या हातातलं इंडियन राउंडचं धनुष्य कुणी पारंपरिक म्हणून दाखवलं, तर मी ते हसण्यावारी न्यायचो. आज त्या यादीतलं जवळजवळ काहीच मला पटत नाही. जे थोडं अजून पटतं, त्याची कारणं पार वेगळी झाली आहेत.

मी कुरुळीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेड लागतात, त्यांतलीच एक आमची. निघोजे, म्हाळुंगे, चाकण इथल्या मोठ्या कारखान्यांच्या गाड्यांना लागणारे बुश, पिना, ब्रॅकेट असलं काहीबाही इथे निघतं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. शेडमागे एका शेतकऱ्याची पडीक पट्टी आहे, तिथे चिंध्या ठासून भरलेली पोती रचायची आणि बाण मारायचे, हा आमचा गुरुवारचा उद्योग. मंडळी चार-सहाच. जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी शाळा सुटल्यावर येतात. साताऱ्याचा एक पोरगा कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, खेळून आलेला आहे. आणि शेजारच्या प्रेसशॉपमध्ये एक ऑपरेटर आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा, ज्याच्या घरी धनुष्य भिंतीला टांगलेलं असतं, आपल्याकडे विळा अडकवलेला असतो तसं.

वाद सुरू व्हायचा तो गुरुजींच्या धनुष्यावरून. इंडियन राउंड हा आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांतला एक प्रकार. रिकर्व्ह आणि कंपाउंडच्या जोडीला तो असतो. बांबू-लाकडाचं साधं धनुष्य, त्याला नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. अंतरं ३० आणि ५० मीटर. आपल्या गावाकडच्या मुलांपैकी बहुतेकांचा या खेळाशी पहिला संबंध याच धनुष्यातून येतो. रिकर्व्हचा सगळा संच घ्यायचा तर लाखांत जातो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतल्या विकास भुजबळ गुरुजींनी त्याला खेळाकडे वळवलं, पुढे क्रीडा प्रबोधिनी, मग पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, आणि तिथून तो टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत पोचला. बांबूच्या धनुष्याला हसणाऱ्यांनी ही वाट डोळ्यांपुढे ठेवावी, असं आमचे गुरुजी सांगत. मी म्हणायचो, “गुरुजी, खेळ म्हणून ठीक आहे हो. पण याला पारंपरिक कसं म्हणायचं? पट्ट्या कारखान्यातल्या गोंदानं चिकटवलेल्या, दोरी सिंथेटिक, ओढायची पद्धत विलायती. यात आपलं काय आहे?”

गुरुजी वाद घालत नसत. “तुमचं दाखवा,” एवढंच म्हणत.

माझं दाखवण्यासारखं होतं, निदान तेव्हा मला तसं वाटायचं. मुघल धाटणीची, दोन्ही टोकं पुढे वळलेली, वरून चामडं चढवलेली कमान मी चांगले पैसे मोजून मागवली होती. शिवाय अंगठ्यात घालायची अंगठी. आपल्याकडचे घोडेस्वार तिरंदाज दोरी अंगठ्याने ओढत. तीन बोटांनी ओढायची आजची सर्रास पद्धत युरोपातून आली. शाहजहानची हिरव्या जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, हे मी येईल त्याला ऐकवत असे. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की बंदूकवाला दोन बार काढेपर्यंत मुघल घोडेस्वार सहा बाण सोडतो. तेही ऐकवत असे. माझ्या हातून घोडा कधी चाललेला नाही, हा भाग वेगळा.

पावसाळ्यात त्या कमानीचं चामडं मुठीपाशी सुटलं. आमच्याकडे जुलैत सगळंच सुटतं, भिंतींचा रंगसुद्धा. मी ते परत चिकटवायला म्हणून थोडं उचललं, तर खाली स्वच्छ, पिवळसर, चकचकीत फायबरग्लास. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने आत काय आहे ते सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पण गुरुजींच्या धनुष्यात डोळ्यांना जे खुपायचं तेच माझ्या कमानीत पोटाशी होतं, फक्त वर चामडं होतं. ते चामडं मी परत चिकटवलं आणि महिनाभर कुणाला काही बोललो नाही. मत बदललं ते या घटनेने, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण तसं झालं नाही. उलट मी आणखी कडवा झालो. म्हटलं, आता खरी शिंगाची, स्नायूंची कमान मिळवायची.

त्या शोधात वाचन झालं आणि पहिली खुंटी तिथे हलली. र. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी संपादित केलेलं कौटिलीय अर्थशास्त्र १९६० पासूनच्या पाच वर्षांत तीन भागांत निघालं. त्यात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यांची यादी आहे. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं असे चार प्रकार, आणि चौघांना चार नावं. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही लावलेलं मला दिसलं नाही. कोठाराच्या अधिकाऱ्याने काय काय ठेवायचं, एवढाच हिशेब. दोऱ्याही सहा प्रकारच्या: त्यांत रुईचा धागा आहे, ताग आहे, स्नायू आहे आणि वेळूही आहे. बांबूची दोरी? मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. धडगावच्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला, “मग? आमच्याकडं दोरी बांबूचीच. बारीक चोय काढायची, घासायची, बांधायची.” भिल्ल, पावरा मंडळींच्या कामठ्यात काठी बांबूची आणि दोरीही बांबूची. काठी गावच्या होळीला नटूनथटून, हत्यारं घेऊन येणाऱ्या माणसांचे फोटो मी कितीदा पाहिले असतील. त्यांच्या धनुष्याच्या दोरीकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

मग शिंगाची कमान. तिच्यात आतल्या अंगाला शिंग, मधे लाकूड, बाहेरच्या अंगाला स्नायूंचे तंतू. दाब शिंगाने सोसायचा, ताण स्नायूंनी. आज फायबरग्लासच्या दोन पट्ट्यांमध्ये लाकूड घालतात ते याच तत्त्वावर. आणि हे सगळं एकत्र धरून ठेवतो तो सरस, कातडी किंवा माशाच्या फुग्यापासून काढलेला. म्हणजे चिकटवलेलं धनुष्य परंपरेत बसत नाही म्हणणाऱ्या माझ्या आवडत्या धनुष्यात गोंदाशिवाय उभंच राहणारं काही नव्हतं. शिवाय तो सरस ओलीत ढिला पडतो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्ताखानापुढे जवळजवळ दोन महिने लढवला. खानाच्या फौजेतल्या शिंगाच्या कमानी त्या झडीत कुठे आणि कशा सांभाळल्या असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. ओल न लागणारी धनुष्यंही आपल्याकडे होतीच: सबंध पोलादाची. ती बाण कमी लांब फेकतात, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नाहीत. पोलाद! माझ्या यादीत धातूला जागाच नव्हती.

अंगठ्याचा अभिमानही फार टिकला नाही. एकलव्याची गोष्ट आपण गुरुदक्षिणेपाशी थांबवतो. महाभारताच्या आदिपर्वात ती एक पाऊल पुढे जाते: अंगठा गेल्यावर तो बोटांनी ओढून बाण मारत राहिला, फक्त पूर्वीचा वेग राहिला नाही. म्हणजे बोटांनी ओढणं इथल्या कथेतही आहे, आणि वेगाचा फरकही नेमका टिपलेला आहे. मी ज्याला विलायती म्हणत होतो त्याचा उल्लेख घरातल्या ग्रंथात निघावा, हे जरा जास्तच झालं.

एवढं होऊनही माझा वाद धनुष्यावरच अडकलेला होता. कोणतं लाकूड, कोणतं शिंग, किती पौंड ताण. तिथून तो बाणावर आला तो आमच्या धंद्यामुळे.

साताऱ्याचा पोरगा एकदा म्हणाला, “दादा, तुम्ही रोज मायक्रॉन मोजता. बाण कधी मोजलेत का?” त्याला असं बोलायचा हक्क आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे जागतिक विजेते झाले, दोघेही साताऱ्याच्या अकादमीत घडलेले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारले. तेव्हापासून साताऱ्याची पोरं जरा ताठ मानेने बोलतात. चालायचंच.

बाण मोजायची रीत जुनी आणि सोपी आहे. लाकडी बाणासाठी दोन टेकू २६ इंचांवर ठेवायचे, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं, काठी किती वाकली ते बघायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की उत्तर येतं ते धनुष्याच्या पौंडांशी जुळवायचं: अर्धा इंच वाकली तर ५२. आमच्याकडे व्ही-ब्लॉक आहेत, सरफेस प्लेट आहे, डायल गेज आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फिक्स्चर तयार झालं. ही वाकण कशाला मोजायची, तर बाण सुटताना सरळ जात नाही. दोरीचा धक्का बसला की तो वाकतो, धनुष्याच्या काठीला वळसा घालून निघतो आणि मग सरळ होतो. उजव्या हाताने तीन बोटांनी ओढणाऱ्याचा जास्त ताठ बाण डावीकडे पडतो, जास्त लवचीक उजवीकडे. वजनाचंही तसंच. पौंडामागे आठ ते दहा ग्रेन असा ढोबळ हिशेब. म्हणजे ४० पौंडांच्या धनुष्याला साधारण २१ ते २६ ग्रॅमचा बाण. त्याहून फार हलका झाला तर धनुष्याची ताकद बाणात न जाता धनुष्यालाच हाणते.

माझे बाण मी फिक्स्चरवर घेतले. बांबूचे, हाताने सरळ केलेले, खऱ्या पिसांचे, मला फार प्रिय. एकही दुसऱ्यासारखा निघाला नाही. ताठरपणात एवढा फरक की एका भात्यात तीन वेगवेगळ्या धनुष्यांचे बाण असावेत. वजनातही ग्रॅम-दोन ग्रॅमचा खेळ. आता हिशेब बघा. सेकंदाला ४५ मीटरने निघालेला बाण ५० मीटर जायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात सुमारे सहा मीटर खाली येतो. आपण तेवढा वर धरतो म्हणून तो लागतो. एक ग्रॅम वजन वाढलं, वेग शेकड्याला दीडने उतरला, तरी बाण साधारण वीतभर खाली जातो. मी या वीतभरासाठी कमानीला दोष देत होतो, वाऱ्याला देत होतो, कधी कधी गुरुजींच्या बोलण्यालाही.

त्या दुपारी जे उमगलं ते आमच्या शेडमधल्या कुठल्याही हेल्परला ठाऊक असतं. मशीन जुनं असो, नवं असो, ते ठरावीक प्रमाणात चुकत असेल तर ऑफसेट टाकून भागतं. माल दर नगाला वेगळा येत असेल तर त्याला ऑफसेट नसतो. धनुष्य हे पहिल्या जातीचं. ते मंद असेल, जड असेल, हाताला झटका देणारं असेल. पण ते रोज तसंच असतं आणि हात त्याला शिकून घेतो. बाण दुसऱ्या जातीचे. मग शिंग की फायबरग्लास, ताग की पॉलिएस्टर, यावर मी एवढा जीव का टाकत होतो? खरं उत्तर देतो. धनुष्य भिंतीवर दिसतं, फोटोत दिसतं, त्याच्याबद्दल बोलता येतं. बाण वजनकाट्यावर ठेवून कुणी फोटो काढत नाही.

गुरुजींचे बाण मोजले. मुलांसाठी त्यांनी काठ्या वाकवून बघून गट पाडून ठेवलेले होते, डोळ्याने आणि हाताने. डायलवर त्यांचे गट बऱ्यापैकी जुळले. काही काठ्या इकडच्या तिकडे गेल्या होत्या, वजनाकडे त्यांनी लक्ष दिलेलं नव्हतं. तेवढं आम्ही काट्यावर नीट केलं. नंतर त्यांच्या त्या ‘शाळकरी’ धनुष्याने मी ५० मीटरवर जे मारलं ते माझ्या कमानीने कधी मारलेलं नव्हतं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी आज ‘जुळवलेले बाण हेच सर्वोत्तम’ असं सांगत फिरलो असतो, म्हणजे पुन्हा एक यादी. धडगावच्या मित्राने तेही होऊ दिलं नाही. त्याने गावाहून आणलेले बाण मी हौसेने फिक्स्चरवर घेतले. माझ्यापेक्षा वाईट आकडे. एक काठी तर दिसायलाच वाकडी. मी जरा विजयी चेहऱ्याने आकडे दाखवले. त्याने कागद बघितलाच नाही. एकेक बाण उचलून सांगत गेला, “सर, हा डावीकडं जातो, थोडा उजवीकडं धरायचा. हा जड आहे, जवळच मारायचा. हा लांबचा. हा आजोबांचा, हा मारत नाही मी.” मग पोत्यावर मारून दाखवले. जवळच्या अंतरावर, पंधरा-वीस पावलांत, तो प्रत्येक बाणाला त्याचा त्याचा ऑफसेट देत होता. आम्ही ज्या पट्ट्यात राहतो तिथे पोटाला भाकर मिळते ती एक नग काढून दुसरा बसवता येतो यावर. आणि इथे एक माणूस असा, ज्याच्या भात्यात एकही नग दुसऱ्याच्या जागी चालणारा नाही आणि त्याचं काहीही अडत नाही. शिकार आता कायद्याने बंद आहे आणि तोही ती करत नाही. पण ते बाण ज्या कामासाठी बनले, झाडीतून एक बाण, एकदाच, त्या कामाला त्याची पद्धत पुरेशी होती. ५० मीटरवर छत्तीस बाण एकाच पिवळ्यात घालायचे असतील तर ती पुरणार नाही. तोही हे मान्य करतो. गुरुजींच्या जुळवलेल्या बाणांनी लांबवर मारायला त्याला मजा येते.

म्हणून ‘सर्वोत्तम पारंपरिक साहित्य कोणतं’ असं कुणी विचारलं की मी आता आधी विचारतो, कशासाठी आणि किती लांबून. यावर लोक चिडतात. मीही चिडलो असतो. पण नियम करणाऱ्यांनाही मला वाटतं हे कधीच कळलेलं होतं. आंतरराष्ट्रीय तिरंदाजी संघटनेच्या लाँगबो प्रकारात धनुष्य कोणत्याही साहित्याचं चालतं. सक्ती आहे ती बाण लाकडी असण्याची. बेअरबो प्रकारात तर दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून आरपार गेलं म्हणजे झालं, मग ते कार्बनचं का असेना. भूतानमध्ये तिरंदाजी हा राष्ट्रीय खेळ. तिथे बांबूच्या धनुष्यांचे सामने वेगळे, कंपाउंडचे वेगळे, आणि सुमारे १४० मीटरवरच्या लहानशा फळीसमोर दोन्हीकडचे लोक सारखेच नाचतात.

कंपाउंडला मी अजून पारंपरिक म्हणत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने त्याला चाकं लावली म्हणून नव्हे. पूर्ण ओढल्यावर ते चाक ताणाचा मोठा भाग स्वतःवर घेतं आणि माणूस निवांत नेम धरत राहतो. बांबू असो की पोलाद, माणसाला पूर्ण ताण अंगावर घेऊन सोडायचा क्षण निवडावा लागतो, आणि माझ्या मते फरक तिथे पडतो. साताऱ्याचा पोरगा म्हणतो, “दादा, तुम्ही सीमारेषा फक्त सरकवलीत.” असेलही. निदान आता ती चामड्यावरून आखलेली नाही.

सध्या आमच्यात भांडण आहे ते कार्बनच्या बाणांचं. जुळणी हाच मुद्दा असेल तर कारखान्यातून येणारे कार्बनचे बाण डायलवर सर्वांत एकसारखे, मग ते का नकोत, असा साताऱ्याच्या पोराचा बिनतोड सवाल आहे. मी नको म्हणतो. परंपरेचं नाव मी यात घेत नाही. कार्बनचा बाण दगडावर आपटून चिरला की त्याच्या सुईसारख्या कुसळ्या होतात, गवतात पडल्या तर शोधूनही सापडत नाहीत, आणि पट्टीच्या मालकाच्या म्हशी उन्हाळ्यात तिथेच चरतात. बांबूचा तुकडा कुजून जातो. गुरुजींचं म्हणणं, खाली ताडपत्री अंथरून मग मारावेत. पुढच्या गुरुवारी ताडपत्री कोण आणणार, यावर गाडी अडली आहे.